तानाबाईचा आकडा

“तुझी एकशे अडुसष्ट, आक्का,” तानाबाईनं साखर मोजायचं मशीन डोळ्यांजवळ नेऊन सांगितलं.

“आणि तुझी?”

तानाबाई खिडकीकडं तोंड करून बसली. स्वतःचं बोट ती स्वतःच टोचायची. जरा वेळानं म्हणाली, “एकशे बारा.”

झुंबरबाईनं बोटावरचा कापूस केरात फेकला. एकशे बारा! काल रात्री मेथी आणि एक भाकरी खाऊन ती उठली होती. तानाबाईनं तेच खाल्लं, वर मूठभर भातही घेतला. आणि आकडा खाली कुणाचा, तर हिचा.

तानाबाई धाकटी जाऊ. पस्तीस वर्षं एका घरात झुंबरबाईच्या मागं. स्वैपाकात मागं, मानात मागं, फोटो काढायचा झाला तरी मागं. आता ह्या एका आकड्यात पुढं.

दुखणं खरं झुंबरबाईचं. आठ वर्षं साखर होती आणि आठ वर्षं तिनं कुणाला जुमानलं नव्हतं. सून अनुजा बोलली की, “गप गं, उसाच्या घरात गुळाला भ्यायचं व्हय?” म्हणायची आणि खडा तोंडात टाकायची. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका रविवारी पाहुण्यांसमोर तांबड्या रश्शात मीठ दोनदा पडलं. त्या दिवशी विश्वजितनं, पोटच्या पोरानं, आईच्या हातातली पळी काढून काकीच्या हातात दिली. बावड्यातल्या अख्ख्या गल्लीत नाव असलेला रस्सा आता तानाबाई ढवळायची.

“पांचट,” झुंबरबाई म्हणायची आणि दोन वाट्या प्यायची.

डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशन करू, पण आधी तीन महिन्यांची साखर खाली आणून दाखवा.” पळी परत हवी तर डोळे हवेत, डोळे हवेत तर पथ्य हवं. झुंबरबाईनं चार दिवस पथ्य केलं. पाचव्या दिवशी डब्यातली बर्फी संपवली.

त्याच आठवड्यात तानाबाई माहेराहून, मुरगूडहून आली.

“तिथं तपासणी हुती. मलाबी साखर निघाली, आक्का,” पिशवी ठेवता ठेवता ती म्हणाली. “पर मी उतरवणार बघ. तुझ्यागत न्हाय.”

तुझ्यागत न्हाय! झुंबरबाईला ते चावलं. दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली आणि नदीच्या बंधाऱ्यापर्यंत चालून आली. तानाबाई मागं होतीच. त्या दिवसापासून भात बंद, बर्फी बंद. हुपरीच्या भाचीच्या लग्नातही पुरणपोळी ताटाबाहेर काढून ठेवली. आकडा उतरू लागला. अडीचशेचा दोनशे, दोनशेचा एकशे ऐंशी. पण तानाबाईचा कायम त्याच्याखाली.

“दोघीत एक डबी एवढे दिवस कशी पुरती काकी?” मशीनच्या पट्ट्या आणणाऱ्या विश्वजितनं एकदा विचारलं.

“काटकसर म्हणत्यात त्याला,” तानाबाई म्हणाली.

बघा, तिथंही हीच शहाणी.

एकशे बारा ऐकल्यावर मात्र झुंबरबाईचं डोकं फिरलं. घरातला सकाळचा पहिला चहा तिच्याच हातचा. पळी गेली तरी तो मान तिनं सोडला नव्हता. दोघींचे बिनसाखरेचे दोन कप भरले, आणि तानाबाईच्या कपात तिनं दोन चमचे साखर घालून ढवळली. आता बघू कशी उतरती.

तानाबाईनं घोट घेतला. कपाकडं बघितलं. मग म्हणाली, “झकास झालाय चहा.” आणि सगळा प्याली.

कळलं कसं नाही हिला? दुखण्यानं तोंडाची चव गेली असंल, झुंबरबाईनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तानाबाईचा आकडा आला एकशे आठ.

झुंबरबाईनं तिसरा चमचा वाढवला.

वैशाखात एका दुपारी तानाबाई चक्कर आली म्हणून आडवी झाली. झुंबरबाईनं हातातलं काम टाकलं. ओल्या फडक्यानं ती जावेचं कपाळ पुसत बसली. दुसऱ्या सकाळी दोन्ही कप सारखेच फिके केले. तानाबाईनं अर्धा कप तसाच सोडला.

“आज चहाला चव न्हाय, आक्का.”

“चव कशाला पायजे तुला? आकडा सांग तुझा.”

“एकशे चार.”

तीन चमचे पुन्हा सुरू झाले.

तीन महिने भरले. झुंबरबाई रक्त देऊन आली. रिपोर्टच्या दिवशी तानाबाई सोबत होती. डॉक्टरांनी कागद वर-खाली बघितला आणि हसले.

“आजी, कमाल केलीत. पुढच्या सोमवारी पहिला डोळा करू.”

झुंबरबाईनं पदर सावरला. बाहेर बाकावर येऊन बसली तरी मान खाली येईना.

“ऐकलंस न्हवं, ताने? महिन्याभरात पळी माझ्या हातात.”

“घे की. मला कुठं पायजे ती?”

एवढं सोपं जिंकणं झुंबरबाईला रुचलं नाही. आणि ते तीन चमचेही आता आत कुठंतरी टोचत होते. ती जरा नरम आवाजात म्हणाली, “चल, आलोयच तर तुझंबी रगात देऊया. असलं अंगावर काढू न्हाई.”

“माझं कशाला?” तानाबाईनं रिपोर्टची घडी घालून तो आपल्या पिशवीत जपून ठेवला. मग जावेच्या कानाशी वाकून म्हणाली, “पर आक्का, उद्यापासनं माझ्या चहात एकच चमचा घाल बाई. तीन-तीन घालत राहिलीस तर खरंच साखर हुईल मला.”