टाकीतलं पाणी

काकांनी ट्रकवर फिरतं घर बांधून घेतलं, त्याला पाच वर्षं झाली. यंदा नक्की निघायचं म्हणून काकू प्रवासाचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या होत्या. "जाता जाता डिझेलची लाइन तेवढी दाखवून घेऊ," म्हणत काकांनी गाडी गॅरेजात घातली.

मिस्त्रीने फिल्टर उघडला, तर वाटीभर पाणी निघालं.

"वाटेत बंद पडली असती की रे! एवढं पाणी आलं कुठून?"

"काका, गाडी नुसती उभी राहिली की टाकीला आतून घाम सुटतो."

"मग उपाय?"

"निघा."

काकांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "त्यापेक्षा मोठा फिल्टर मागव. येऊ दे निवांत."

काकूंनी डबा मिस्त्रीपुढे धरला. "घे बाबा. दरवर्षी तूच संपवतोस."