मालकाचा रकाना

यंत्राने नऊ डेटाबेस शोधून काढले होते. संस्थेला आठच माहीत होते. नवव्याचा आज पंधरावा दिवस.

मृणालीने यादी पुन्हा चाळली. रत्नागिरीच्या बंदरालगतच्या त्या मच्छीमार संस्थेचं सगळं दप्तर चार वर्षांपूर्वी क्लाउडवर गेलं होतं, म्हणजे नेमकं कुठे गेलं ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ऑडिटवाल्यांनी विचारलं, तुमच्याकडे आहे तरी काय काय? म्हणून हे यंत्र बसवलं. ते आपणहून क्लाउडभर हिंडायचं, सापडेल तो डेटाबेस यादीत मांडायचं आणि प्रत्येकापुढे एक रिकामा रकाना सोडायचं: मालक. पंधराव्या दिवशी दुपारी बारापर्यंत रकाना भरला नाही, तर डेटाबेस आपोआप पुसला जायचा. नियम मृणालीनेच सुचवला होता. संचालक मंडळाने तो टाळ्या वाजवून मंजूर केला होता.

नवव्यासाठी यादी संस्थेभर फिरून आली. बर्फ विभागाने लिहिलं, 'आमचा नाही.' डिझेल विभागाने लिहिलं, 'आमचा नाही.' लिलाव विभागाने खाली तारीख घालून शिक्काही मारला. यातल्या एकेकाने फणसाच्या अर्ध्या झाडासाठी सख्ख्या भावाला कोर्टात ओढलेलं होतं. इथे मालक व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं. मालक झालं की ऑडिटवाले प्रश्न विचारतात.

तो डेटाबेस अनिलचा होता. अनिल म्हणजे मृणालीच्या आधी या खुर्चीवर बसणारा. गेल्या वर्षी वारला. बोट धक्का सोडताना तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, मोबाइलवर खलाशांचा एक फोटो काढायचा, तो तारीखवेळेसह इथे येऊन पडायचा, अशी सोय तो करून गेला होता. त्याच्यामागे थांबा म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून तांडेल फोटो काढत राहिले.

मृणालीने नोव्हेंबरची चौदा तारीख उघडली. संस्थेचे अध्यक्ष सखारामशेठ यांची बोट. पाच खलाशी दाटीने उभे, आणि कडेला सहावा, धाकू. हातात जेवणाचा डबा, ऐन वेळी डोळे मिटलेले.

त्या फेरीत धाकू समुद्रात पडला, असं बंदरावर सगळे हळू आवाजात म्हणत. सखारामशेठांनी पोलिसांना मोठ्या आवाजात सांगितलं होतं की बोटीच्या कागदावर खलाशी पाच. धाकू त्या दिवशी बोटीवर चढलाच नाही. तेव्हापासून सरकारी कागदात धाकू बायकोला टाकून कुठेतरी निघून गेलेला होता, आणि वाडीत लोक ते कुठेतरी म्हणजे कोणाकडे, याचीही चर्चा करू लागले होते.

ती बायको, तुळसा, बाहेरच्या बाकावर बसली होती. हे यंत्र हरवलेलं सगळं शोधून काढतं, असं तिला शिपायाने सांगितलं होतं. ते धाकूला शोधतंय असं धरून ती पंधरा दिवस रोज येत होती. तसं नाही, हे तिला सांगायचं मृणाली रोज उद्यावर टाकत होती.

पावणेबाराला सखारामशेठ आत आले.

"काय गो मृणाली, झाली का तुझी मोजणी?"

"एक उरलाय, शेठ." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

शेठांनी फोटो बराच वेळ बघितला. मग चष्मा काढून पुसला, जसा काही दोष चष्म्याचाच होता.

"कोणाचा म्हणायचा हा?"

"मालकाचा रकाना रिकामा आहे."

"मग झालं तर. बेवारशी वस्तू ठेवायची नाही, हा नियम तुझाच ना? चांगला नियम आहे."

"मी हा फोटो वेगळा काढून ठेवला तर?"

"ठेव की. पण हल्ली फोटो कोणीही बनवतं गो. माझा नातू मला चंद्रावर बसवून देतो. संस्थेच्या दप्तरात असेल तोच खरा. आणि दप्तरात राहायचा, तर कोणीतरी आपलं नाव लिहायला हवं." त्यांनी रकान्याकडे बोट दाखवलं. "लिहितेस? लिही हो, मी कुठे अडवतोय! तुझं अकरा महिन्यांचं काँट्रॅक्ट एक तारखेला संपतंय ना? तेही बघू मग सवडीने."

ते खुर्ची ओढून बसले आणि दोन चहा मागवले.

मृणालीने रकान्यात 'मृ' लिहिलं. चहा आला. शेठांनी एक कप तिच्यापुढे सरकवला. "घे, निवेल."

ती कपाकडे बघत बसली. चहावर साय धरली.

बारा वाजले. अर्धं नाव यंत्राला चालत नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली. सापडलेले: नऊ. मालक असलेले: आठ. बेवारस: शून्य.

"शंभर टक्के!" शेठ म्हणाले आणि उठले. दारात तुळसाला पाहून थांबले. "जेवलीस का गो, तुळसा?" असं मायेने विचारून गेले.

तुळसा आत आली.

"आज तरी गावला काय, बाय?"

मृणालीने पडदा बंद केला. "नाही, काकी."

"असूंदे." तुळसाने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार सुके बांगडे काढले आणि कीबोर्डशेजारी ठेवले. "घरी ने, भाजून खा. पंधरा दिस डोळं फोडून शोधतंस त्याला. एवढा तं त्याच्या भावानपण केलान नाय."