एकट्याचा आवाज

"या गाण्यात ओरडलास, तर सगळं मुसळ केरात जाईल बघ," हिमांशूनं बजावलं.

सत्यम हसला. 'बावन्न दरवाजे' या बँडमध्ये तो इतकी वर्षं ओरडतच आला होता. त्याची एक डरकाळी ऐकायला वाळूजच्या कारखान्यांतली पोरं शिफ्ट संपवून थेट मैदानावर यायची. पण तो बँडमधून बाहेर पडला तेव्हा ड्रमवाला गोकुळ म्हणाला, "आमचा गोंगाट काढून घेतला, तर तुझ्याकडं राहतं काय?" ते त्याच्या जिव्हारी लागलं. म्हणून हा पहिला, एकट्याचा अल्बम. कानाशी येऊन म्हटल्यासारखी हलकी गाणी. दुसऱ्या कुणाचा आवाज नको, कोरससुद्धा नको, हा त्याचा हट्ट.

हिमांशूचा स्टुडिओ फुलंब्रीच्या अलीकडं, कारभारी आप्पांच्या शेतातल्या जुन्या गोदामात होता. बाहेरच्या खोलीत यंत्रं, आत गाणाऱ्याची केबिन, मधे मोठी काच. भिंतींच्या फोमला लावलेल्या गोंदाचा उग्र वास जावा म्हणून केबिनचं दार आणि मागची खिडकी रात्रभर उघडी टाकली होती. शेजारच्या उसाला तोड लागली होती. सकाळपासून कोयत्यांचा आवाज येत होता. केबिनचं दार लागलं, तसा तोही बंद झाला.

"गिटार तुझ्या कानात परत परत वाजत राहील," हिमांशू म्हणाला. "तू म्हणत राहा. बाहेरच्या स्पीकरवर फक्त तुझा आवाज येईल. मी आप्पांकडून चहा घेऊन येतो."

सत्यमनं हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि गायला लागला. दुसरं कडवं संपवून त्यानं डोळे उघडले.

हिमांशूच्या खुर्चीपाशी बिबट्या उभा होता.

सूर होता तिथंच तुटला. आधी वाटलं, कुत्रं असेल. मग ठिपके दिसले, लांब शेपूट दिसलं. फोन बाहेर टेबलावर, बिबट्याच्या नाकासमोर. केबिनच्या दाराला आतून कडी नाही. ढकललं की उघडणारं. कानात गिटार निवांत वाजत होती. हेडफोन काढायला हात वर न्यायचीही त्याची छाती होईना.

तेवढ्यात बिबट्यानं कान टवकारले आणि मान वर करून स्पीकरकडं पाहिलं.

सत्यमची नजर माईककडं गेली. माईक चालू होता. आपला श्वास त्या जनावराच्या डोक्यावर वाजतोय!

त्यानं श्वास कोंडला. छातीत आग पडली तरी सोडला नाही. बिबट्या हलला नाही. मग त्यानं पुन्हा झटकन मान वर केली, मागच्या पायांवर उभा राहिला आणि स्पीकरला नाक लावून हुंगू लागला. आता काय ऐकू गेलं याला? काळजाचे ठोके? सत्यमनं छाती तळहातानं दाबून धरली. 'आई गं,' त्याचे ओठ नुसते हलले.

बिबट्या काचेपाशी आला. त्यानं सत्यमच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. पायांकडं पाहत राहिला, तो उभा होता त्या लाकडी चौथऱ्याकडं. सुरुवात कुठून करायची ते ठरवत असल्यासारखा. मग पंजा काचेवर टेकवला. मग वळला, केबिनच्या दाराशी गेला आणि फटीला नाक लावलं.

दार थरथरलं.

सत्यमनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि पोटातल्या सगळ्या भीतीनिशी डरकाळी फोडली.

बाहेर टेबलावरचे पेले उडाले. बिबट्या उसळला, भिंतीवर आदळला, आणि बाहेरच्या उघड्या दारातून निघून गेला. उंबऱ्यावर मात्र एकदा थांबून त्यानं मागं वळून पाहिलं होतं.

हिमांशू आणि कारभारी आप्पा काठ्या घेऊन धावत आले. आप्पांनी आत येऊन बाहेरच्या दाराला अडसर घातला. सत्यम केबिनचं दार उघडून बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता.

"म्या डोळ्यानं पाह्यला, बांधावरून गेला," आप्पा म्हणाले. "तोड चालू झाली की जनावर उसातून भाईर पडतंय. पर माणसाच्या एवढ्या जवळ? नाय बा कधी पाह्यलं."

वनखात्याला फोन झाला. तिकडून सांगितलं, आम्ही येईपर्यंत बाहेर पाऊल टाकू नका.

हळूहळू सत्यमच्या जिवात जीव आला. "रेकॉर्ड झालं का रे?" त्यानं विचारलं.

हिमांशूनं वाजवलं. डरकाळीनं गोदाम हादरलं. आप्पांनी कानांवर हात ठेवले.

"हे ठेवायचं," सत्यमचा आवाज अजून कापत होता, तरी तो हसला. "गोकुळला ऐकवू, एकट्याकडं काय राहतं ते."

"त्याच्या आधीची शांतताही ठेवू," हिमांशू म्हणाला. "मग अंगावर येईल बघ." त्यानं मागं नेऊन आवाज वाढवला.

सत्यमचा तुटलेला सूर आला. धापा आल्या. मग त्यानं श्वास कोंडला होता ती शांतता सुरू झाली. आणि त्या शांततेत एक बारीक, चिरका आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"हा मी नाही," सत्यम म्हणाला.

"मांजर शिरलं का काय आत?" हिमांशूनं विचारलं.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बंद करा ते," ते कुजबुजले. "लई बारकं पिल्लू हाय. दूधपितं."

हिमांशूनं मशीन बंद केलं. हाक थांबली नाही. ती केबिनमधून, लाकडी चौथऱ्याखालून येतच राहिली. आणि या वेळी, अडसर घातलेल्या दाराच्या पलीकडून, पिल्लाच्या आईनं ओ दिली.