बाबांच्या पाण्यातले रांजण

“समुद्र तुमचा असेल बाई, पण तळ सरकारचा,” ट्युनिसहून आलेले पुराणवस्तू खात्याचे मोन्सेफसाहेब म्हणाले.

“मग तळ काढून न्या,” मबरूका म्हणाली. “पाणी तेवढं सांडू नका.”

नावेत वल्ह्यापाशी बसलेले बशीरकाका खो-खो हसले. माल्टाच्या कंपनीचा रेनातो हसला नाही. बुडालेलं रोमन जहाज वर काढायचा खर्च त्याचा होता. बदल्यात त्याला अर्धा खजिना हवा होता.

केर्केना बेटावर समुद्राचेही शेतासारखे वाटे असतात. खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण घालून ज्याने त्याने आपल्या पाण्यात मासे धरायचे. दुसऱ्याच्या कुंपणात कुणी वल्हंही घालत नाही. बाबांच्या वाट्यात जहाज आहे, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. पण बाबा कुणाला उतरू देत नसत. “ज्याचं आहे त्याचं राहू द्या,” एवढंच म्हणत.

उन्हाळ्यात बाबा गेले आणि मबरूकाने परवानगी दिली. जहाजातले रांजण बेटावरच राहावेत, त्यांच्यापाशी बाबांचं नाव असावं, एवढीच तिची अट होती.

“तुमच्या भावाचीही सही लागेल. वारसा त्याचाही आहे,” मोन्सेफसाहेब म्हणाले.

“लझहर इटलीत असतो. बेटावरची पोरं चोरून बोटीनं गेली, त्यांत तो. बंदरावरच्या कॉफीवाल्याकडे बाबांना त्याचा फोन यायचा. आई त्या निरोपांवरच जगली.” ती गळ्यातल्या दोरीशी चाळा करत राहिली. “बाप गेला तरी आला नाही. आणि बाबांनी घराचं कुलूप गंजलं तरी बदललं नाही. पोराकडे किल्ली आहे म्हणे!”

“तुमच्याकडे फोन तरी यायचा गं,” बशीरकाका म्हणाले. “आमचा नदीम त्याच बोटीनं गेला, पण तेवढीही तसदी घेत नाही. पण तुझा बाप विक्षिप्तच! केर्केनाचा कोळी, आणि ऑक्टोपस तोंडाला लावत नव्हता. पोरगा गेला आणि सोडलंच. नवस होता काय?”

“विचारलं की ताटावरून उठायचे.”

तेवढ्यात पाणबुड्या वर आला. “रांजण आहेत. एका रांगेत आडवे ठेवलेत. सगळ्यांची तोंडं पूर्वेला, मक्केच्या बाजूला.”

“माल असाच रचतात,” मोन्सेफसाहेब म्हणाले.

“तोंडं चुन्याने बंद आहेत.”

“म्हणजे आत हात लागलेला नाही!” साहेबांचा आवाज चिरकला.

पहिला रांजण दोराने ओढून नावेत घेतला. रुंद तोंडाचा, शिंपल्यांनी मढलेला. साहेबांचा, रेनातोचा आणि मबरूकाचा हात एकदमच त्यावर पडला.

“चुना फारच पांढरा दिसतोय,” बशीरकाका म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

साहेबांनी पटाशीने चुना फोडला आणि आत हात घातला. आधी माणसाची बरगडी निघाली.

“रोमन खलाशी,” रेनातो कुजबुजला.

मग निळ्या नायलॉनच्या दोरीत ओवलेली एक पितळी किल्ली निघाली.

साहेबांचे आणि रेनातोचे हात मागे सरले. बशीरकाकांनी वल्हं सोडलं आणि खाली, उरलेल्या रांजणांच्या दिशेने पाहिलं.

मबरूकाने गळ्यातली घराची किल्ली काढून त्या किल्लीवर ठेवली. दात दाताशी जुळले.