साहेबांची नक्कल

हेमलताबाईंच्या बरगडीखाली बसवलेली चकती श्वास अडखळला की आपणहून स्टेरॉइड सोडायची. बारा वर्षांत दम्याचा झटका आला नाही, म्हणून त्या दवाखान्यात फिरकल्याच नाहीत. आज कंबर धरली म्हणून आल्या, तर डॉक्टरांनी चकतीतली नोंद वाचून चष्माच काढून ठेवला.

"स्टेरॉइडनं हाडं पार ठिसूळ झालीत, मोतीबिंदूही झालाय. यातले निम्मे डोस दम्याचे नाहीतच. तुम्ही हसलात की श्वास अडखळतो, चकतीला तो झटका वाटतो."

"मग काढून टाका ती."

"शरीराला सवय झालीय, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. त्यापेक्षा हसणं टाळा."

शेजारी बसलेले त्यांचे यजमान दिगंबरराव हे ऐकत होते. आजारी बायकोला तेवढाच विरंगुळा, म्हणून ते रोज जेवताना आपल्या जुन्या साहेबांची नक्कल करून तिला पोट धरून हसवायचे.

दुपारी ते खाली मान घालून जेवले. ताकभात संपला तरी साहेबांची नक्कल नाही. दुखऱ्या कमरेला हात लावत हेमलताबाई समोर टेकल्या. त्यांच्याकडे बघून थकल्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, साहेब आज रजेवर आहेत का?"