रद्दीतून वाचलेला खंड

संसदेच्या ग्रंथालयात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती, म्हणून दहा वर्षांत कुणीच न नेलेले खंड रद्दीत काढायचं ठरलं.

"बाई, हा जुन्या प्रश्नोत्तरांचा खंड दरवर्षी तुम्हीच नेता, तोही सात जूनलाच. पाठ करताय की काय?" सहायिका हसली.

"नेला नाही तर रद्दीत जाईल गं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

तिने खूण घातलेलं पान उघडलं. प्रश्न होता, सात जूनला शाळेजवळचा पूल कोसळून किती जण गेले? उत्तर होतं, माहिती गोळा करण्यात येत आहे.

"अगंबाई, वीस वर्षं झाली की! मग आली का माहिती?"

"नाही. एकीची मी दिली असती. माझी दुसरीत होती. पण मला कुणी विचारलंच नाही."