ह्या घरचं पाणी

लोहारा गावात शिवरंजनी आणि मोनिका जोडप्यासारख्या राहतात म्हणून गावच्या मठानं त्यांना वाळीत टाकलं. कोर्टानं त्यांच्या दारात संरक्षणाला हवालदार दिला. तो वीरभद्र नेमका त्याच मठाचा निघाला. मोनिकानं पाणी पुढं केलं, तर खाली बघून म्हणाला, "ड्युटी करतो ताई, पण ह्या घरचं पाणी मला चालत न्हाय."

तिसऱ्या दिवशी भरदुपारी शिवरंजनीचे काका दहाबारा माणसं आणि काठ्या घेऊन आले. आत दोघींनी कडी दाबून धरली.

"वीरभद्रा, मठाचा माणूस हायस तू. हो बाजूला," काका म्हणाले.

बाहेरून दाराला वीरभद्रची पाठ घट्ट टेकल्याचा आवाज आला.



मग दाराशेजारच्या खिडकीशी त्याचा आवाज आला, "ताई, घसा कोरडा पडलाय. तांब्या खिडकीतनं द्या, दार उघडू नका."